पिवळ्या हवालदाराची नेमणूक

जव्हार नगरी व पंचक्रोशीतील समस्त नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या बाहेरच्या खोलीतल्या समुद्रावर शत्रू चालून आला आहे. शत्रू तांदळाच्या कणीएवढा असून रंगाने पांढरा आहे. त्याला घरात कोणी घेतलं, याची चौकशी कृपया करू नये.

कारण मीच घेतलं.

समुद्र म्हणजे चार फुटी काचेची टाकी. माझी बायको डहाणूची. लग्न करून या डोंगरावर आली आणि पंचवीस वर्षं एकच वाक्य बोलत राहिली, "इथे सगळं आहे, फक्त खारा वास नाही." शेवटी तीन वर्षांपूर्वी मी पेटलो. शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवलं, दगड रचले, वाळू पसरली, बटणांसारखे फुलणारे मऊ प्रवाळ लावले, क्लाऊनफिशची जोडी सोडली. आणि काचेवरचं शेवाळ खायला एक लिंबाएवढ्या शंखाची गोगलगाय आणली. पाहुणे मासे बघतात. बायको गोगलगाय बघते. तिला ती 'थोरली' म्हणते आणि सकाळचा चहा तिच्यासमोर बसून पिते. माझ्यासमोर नाही.

थोरलीला सोबत हवी म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर मी आणखी दोन गोगलगायी आणल्या. नवा जीव आठ-पंधरा दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून तपासायचा असतो. मी म्हटलं, गोगलगाय ती, तिचं काय तपासायचं? त्या दोघींच्या शंखाला चिकटून शत्रू आला.

महिन्याभरात दोन्ही पाहुण्या मेल्या आणि थोरली काचेवरून खाली वाळूत येऊन पडली. एका सकाळी टाकीचा दिवा लावायच्या आधी बायकोने बॅटरी मारली. शंखाच्या तोंडाशी पांढऱ्या कण्यांची रांग बसलेली. या कण्या म्हणजेही बारक्या गोगलगायीच; मोठीच्या अंगात सोंड खुपसून रस पितात.

"ही गेली तर टाकी उपसायची," बायको म्हणाली. "दुसरी आणायची नाही. समुद्र बंद."

ती असं शांतपणे बोलते तेव्हा खरंच करते.

झालं. आमच्या टाकीत कोणता मासा सोडावा याबद्दल अख्ख्या जव्हारला मत असल्याचं त्या आठवड्यात मला कळलं. आणि माझा संताप तिथूनच सुरू होतो! शेजारचे निवृत्त गुरुजी दाराशी उभे राहून म्हणाले, "गोगलगायीवर मीठ टाका. माझ्या वालाच्या वेलावरच्या सगळ्या मेल्या."

"गुरुजी, त्या मिठातच राहतात!"

"मग कमी पडलं असेल," गुरुजी म्हणाले.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने मांगूर सुचवला. मांगूर! तळ्याच्या गोड्या पाण्यातला! मी म्हटलं, पाणी खारट आहे. तर म्हणतो, "मग दादा, मुरवायलाच सोपा." मोखाड्याच्या माझ्या साडूने फोनवर आधी "टाकीतले खायचे असतात का?" विचारलं आणि मग फुगामासा आणायला सांगितलं, कारण तो म्हणे गोगलगाय कडाकडा फोडून खातो. खातोच! पण त्याला थोरली कोण आणि धाकटी कोण हे काय साडू येऊन सांगणार होते? फुगामासा आधी लिंबाएवढा माल संपवेल, मग कण्यांकडे वळेल.

मी चार रात्री वाचन केलं. मासा असा हवा होता की ज्याचं तोंड लहान, नजर बारीक, जो दगडाच्या फटीतून कणी टिपेल आणि मोठ्या शंखाच्या वाटेला जाणार नाही. सहा रेघांचा एक छोटा मासा त्यात बसत होता, पण तो दादागिरी करतो आणि आमचे क्लाऊनफिश भित्रे. राहिला पिवळा रॅस. बोटाएवढा, हळदीसारखा, गरीब स्वभावाचा, कामाला वाघ. मी त्याला हवालदार नेमला.

ठाण्याहून मी त्याला मांडीवर पिशवीत घेऊन आलो. जव्हारला पोहोचेपर्यंत प्रत्येक वळणावर त्याची माफी मागितली. घरी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, तासभर थेंब थेंब पाणी घातलं, उडी मारू नये म्हणून टाकीवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला. गुरुजींना बोलावलं. किराणावालाही आला. मी छोटंसं भाषण केलं. मग जाळीचा कोपरा उचलून हवालदाराला आत सोडलं.

त्याने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. आणि डोकं खाली करून सूर मारला तो थेट वाळूत. शेपटी दिसली, मग तीही नाही.

"गेला?" किराणावाल्याने विचारलं.

"मीठ जास्त झालं," गुरुजी म्हणाले.

ठाण्याच्या दुकानदाराला फोन केला, तर तो हसतो! "साहेब, हा मासा घाबरला की वाळूत शिरून झोपतो. दोन-चार दिवस लागतील. वाळू उकरू नका." हे आधी सांगायला त्याच्या जिभेला काय फोड आला होता? इकडे एक जीव शेवटच्या घटका मोजतोय आणि मी नेमलेला हवालदार कामावर रुजू होताच अंथरुणात! दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. थोरलीने शंखात अंग आक्रसून घेतलं. बायकोने चहा स्वयंपाकघरात घ्यायला सुरुवात केली. मला ते माझ्या फसलेल्या भाषणापेक्षा जास्त लागलं.

चौथ्या दिवशी बाजार होता. साखरशेतच्या मावशी आमच्याकडे बाजाराच्या दिवशी तांदूळ घेऊन येतात. टोपली उतरवायची, चहा घ्यायचा आणि आमच्याच सुपात तो तांदूळ निवडून द्यायचा, ही त्यांची पद्धत. घरचा तांदूळ खडा ठेवून दिला तर त्यांना झोप येत नाही. बायकोने त्यांना थोरली दाखवली. मावशींनी काचेला नाक लावलं.

"काढ ना बाहेर ताई. निवडते."

"काय निवडता?" मी विचारलं.

"कण्या!"

माझ्या चार रात्रींच्या वाचनात हा उपाय होता. ब्रशने बारक्या काढून टाका, असं स्पष्ट लिहिलं होतं. पण ते मला फार साधं वाटलं होतं. मी घाईने सांगितलं, तांब्या-पितळेचं भांडं चालणार नाही, तांबं या जिवांना विष. मावशी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बसा." मी बसलो. बायकोने प्लास्टिकच्या टबात टाकीतलंच पाणी घेतलं, थोरलीला अलगद ठेवलं, जुना मऊ टूथब्रश दिला. मावशींनी दोनदा ब्रश वापरला आणि बाजूला ठेवला. मग नखानेच, एक एक, शंखाच्या कडेवरून, टिचकीने. सुपातला खडा उडवतात तसं. तोंडाने साखरशेतच्या लग्नाची हकीकत चालू. थोरलीला इजा नाही. बशीत कण्यांचा ढीग.

तिला परत टाकीत सोडलं. आम्ही तिघं वाकून बसलो. चहा निवला. मग शंखाखालून एक करडा पाय हळूच बाहेर आला, काचेला चिकटला, आणि थोरली बोटभर वर चढली. बायकोने माझा हात धरला. मी काही तरी थोर बोलणार, तोच कोपऱ्यातली वाळू हलली. पिवळं डोकं वर आलं. हवालदारसाहेबांनी अंग झटकलं, टाकीभर एक डौलदार फेरी मारली आणि दगडावर उरलेली एकुलती एक कणी टिपली.

"बघा!" मी ओरडलो. "बघा, काम केलं की नाही माझ्या माशाने!"

मावशींनी माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पदराला हात पुसत मोठ्यांदा म्हणाल्या, "सगळं निवडून झाल्यावर उठला! बाप्याच असंल!"