स्क्रीनच्या कोपऱ्यातलं बारसं

मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. कंबरेच्या दुखण्यामुळे लाइनवर उभं राहवेना, तेव्हा साहेबांनी घरी न पाठवता चाकणच्या त्याच कंपनीत माल रवाना करायच्या खात्यात, डिस्पॅचला, एसीत, खुर्चीवर बसवलं. कंप्युटर चालू करताना हे उपकार रोज आठवतात.

सुरुवातीला एक विंडो उघडायची तर मी आधीची फुली दाबून बंद करायचो. खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवतो ना, तसं. मग गाडीची नोंद करायला गिऱ्हाईक कंपनीच्या पोर्टलवर परत लॉगिन, तोवर गेटवर ट्रकचे हॉर्न. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम हसल्या. "अहो भाऊ, बंद कशाला करता? शेजारी शेजारी लावा ना." त्यांनीच स्क्रीनचे चार भाग करून दिले: पोर्टल, बिलं, गेटचा कॅमेरा, मेसेज. मला केवढं हायसं वाटलं! ते बघून साहेबांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाड्याही माझ्याकडे दिल्या. "जमतंय की राव तुला!" तेव्हापासून सुट्टी मागितली की उत्तर ठरलेलं, "तू गेलास तर हे कोण बघणार?"

मुलीच्या बारशालाही तेच. ज्यांनी खुर्ची दिली त्यांच्याशी हुज्जत कशी घालायची? हिंगोलीकडं गावी जाणं राहिलंच. निदान नाव ठेवताना तरी बघावं म्हणून मेसेजच्या जागी व्हिडिओ कॉल लावला, एका कानात इयरफोन.

माझी बहीण, म्हणजे बाळाची आत्या, पाळण्यात वाकली आणि नेमके साहेब आले. मी इयरफोन ओढून काढला, कॉल खाली ढकलला. दिसेनासा झाला म्हणजे बंदच झाला, असं मला वाटलं.

"गेटवर गाडी का उभी आहे? झोपा काढतोस का रे?"

"चुकलं साहेब. लगेच करतो साहेब."

ते गेल्यावर इयरफोन कानात घातला, कॉल वर काढला. पाळण्याभोवतीच्या सगळ्या बाया मोबाइलकडे बघत उभ्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"उरकून घे बाबा तुझं काम," आई हळूच म्हणाली. "आमी थांबतो."

गेटच्या चौकोनात आणखी दोन गाड्या येऊन लागल्या होत्या. त्या बायांना किती ताटकळत ठेवणार?

"नका थांबू," म्हणालो.

बहिणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग मोठ्यानं म्हटलं, तेव्हा मी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकत होतो. तिच्या पाठीत बायांनी घातलेले धपाटे ऐकू आले, हशा ऐकू आला. नाव तेवढं निसटलं.

"दादा, ऐकलंस का?"

"नाही गं. परत सांग."

तिनं परत सांगितलं. तोवर साहेब परत दारात येऊन पाठमोरे फोनवर बोलत होते. मला ते नाव एकदा माझ्या तोंडानं म्हणायचं होतं. ओठ हलवले, आवाज काढला नाही. बायकोनं पोरीला मोबाइलजवळ धरलं. मी पुढच्या गाडीची वेळ भरली.