सर्जेराव अण्णांनी दिलेली काकवी

सर्जेराव अण्णा कुत्र्याला जेवायला घालण्याआधी त्याच्या डोक्यावर मोजा चढवत. लोकरीचा जुना पायमोजा, बोटांकडचा भाग कापून टाकलेला. तो नाकावरून मागं सरकवायचा, दोन्ही लांब कान आत नीट बसवायचे आणि मगच थाळी पुढं करायची. टोपरं घातलेल्या बाळासारखं दिसणारं ते कुत्रं चवीनं जेवायचं आणि अण्णा शेजारी उकिडवे बसून बघत राहायचे. कान थाळीत बुडाले की ओले राहतात, ओले राहिले की सडतात, हे त्यांनी मला पुढं शंभरदा सांगितलं. पहिल्यांदा ते दृश्य बघितलं तेव्हा मात्र मला वाटलं, माणूस जरा सटकलेला दिसतोय.

तेव्हा मी कोल्हापुरात नवी होते. बँकेत बदली होऊन आले होते आणि भाड्याच्या घरातली पाण्याची मोटर पहिल्याच आठवड्यात जळाली होती. शाहूपुरीत अण्णांचं पंपांचं दुकान. मी काउंटरपाशी उभी, आणि मालक खाली बसून कुत्र्याचं जेवण उरकतायत. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कॉकर आहे का हो?"

अण्णा ताडकन उठले. "पावणं, मोटर नंतर बघू. आदी ह्ये ऐका. कॉकर गल्लीबोळात घावतंय. ह्ये ससेक्स स्पॅनियल हाय. आपल्या देशात दुसरं कुठं दावा, मी दुकान तुमच्या नावावर करतो."

"अहो, माझ्या घरात सकाळपासून पाणी नाही."

"पानी काय, येतंय की. दोनशे वर्सांची गोष्ट हाय, पाच मिनिटं लागत्यात."

पाच मिनिटं कसली, अर्धा तास गेला. इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स नावाचा मुलूख आहे, तिथली जमीन चिकट आणि झुडपं दाट. उंच पायांचं कुत्रं त्यात अडकायचं. म्हणून तिथल्या लोकांनी बुटकं, रुंद छातीचं, जड हाडाचं कुत्रं निपजवलं. बाकीची स्पॅनियल पक्ष्याच्या मागं निघाली की मुकी होतात. हे मात्र ओरडतं, म्हणजे झुडपात दिसलं नाही तरी मालकाला कळतं. रंग असा की उन्हात सोनेरी आणि सावलीत तपकिरी, थेट आपल्या काकवीचा. मग दुसरं महायुद्ध आलं. माणसांनाच खाणं मापून मिळायला लागलं, तिथं कुत्री कोण पोसणार? ही जात जवळजवळ संपली होती. एका बाईनं मूठभर कुत्री जगवली आणि आज जगात आहेत ती बहुतेक त्यांचीच लेकरं. "त्या बाईनं सोताच्या ताटातलं काडून घातलं असंल," अण्णा म्हणाले, आणि हा मिशाळ, दणकट माणूस डोळे पुसायला लागला. मला ते फार आवडलं. आता वाटतं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

अण्णा हयात आहेत. दुकानातही बसतात. तरी मी त्यांच्याबद्दल 'होते' असंच लिहिते आहे, आणि शेवटपर्यंत तसंच लिहीन.

इंग्लंडात डॉक्टर असलेल्या त्यांच्या भाच्यानं हे कुत्रं आणि एक मादी अशी जोडी परत येताना आणली होती. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती सांभाळणं जमेना म्हणून मामाकडं सोडली. मामानं आयुष्यात तोवर म्हशीपलीकडं काही पाळलं नव्हतं. पण दोन वर्षांत त्यांनी या कुत्र्यांचा असा अभ्यास केला, की भाचाच त्यांना फोन करून विचारायला लागला. जेवण दोनदाच. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, मूठभर भात, लाल भोपळा. सगळं नटबोल्ट तोलायच्या काट्यावर तोलून. कांदा, लसूण, मनुका वर्ज्य. कुणी लाडानं पेढा पुढं केला की अण्णा त्याचा हात वरच्या वर धरत. "कुत्र्याचं प्वाट म्हंजे जोतिबाची जत्रा न्हाय, की येईल त्यानं खोबरं उधळून जावं." ही जात सुस्त, पटकन सुटते, आणि वजन वाढलं की खुबे आणि काळीज दोन्ही धोक्यात. त्यांचं माप साधं होतं. "बरगडी डोळ्याला दिसू नये, पर हाताला लागावी." हे वाक्य मला अजून येता-जाता आठवतं आणि आठवलं की राग येतो.

आमची गट्टी जमली. रविवारी दुकान बंद असलं की अण्णा माझ्याकडं यायचे, मी मटण करायची आणि ते बोटं चाटून जेवायचे. रक्त, वंश, शुद्ध जात हे त्यांचे आवडते विषय. आमच्या घरात बुद्धवंदना होते. रक्ताच्या शुद्धतेचं कौतुक आमच्याकडं कुणी केलं नाही, आणि का केलं नाही हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एकदा मी चिमटा काढलाच. "अण्णा, हे तुमचं जातीचं कौतुक कुत्र्यांपुरतंच आहे ना?" अण्णांनी नळी ताटात ठेवली आणि म्हणाले, "मानसाची जात मानसानं लबाडीनं केलीया, पोरी. कुत्र्याची तेवडी खरी." पंक्तीला बसून असं बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, तर कुणावर ठेवायचा?

त्यांच्या मादीची आधीची पिल्लं जगली नव्हती; शेवटच्या खेपेला दोन जगली. नर त्यांनी ठेवला, त्याचं नाव सरदार. मादी एका टोपलीत घालून माझ्या दारात आणली. पैशाचं बोलले की त्यांना राग यायचा. "इकत न्हाय. लेक नांदाय देतोय. मोज्यासकट." मी तिचं नाव काकवी ठेवलं. मी एकटी राहणारी बाई. संध्याकाळी कुलूप उघडताना आतून कुणाची तरी चाहूल यावी, हे सुख मला काकवीनं दिलं. ती भुंकायची नाही, एक लांब सूर लावायची, शेजारच्या घरातली पोरंही तिची नक्कल करायची. अण्णा दर रविवारी तिचे कान बघायचे, बरगड्या चाचपायचे आणि मला पास किंवा नापास करायचे.

ती तीन वर्षांची असताना जिना चढता चढता कोसळली. जिभेचा रंग निळसर झाला होता. मी अण्णांना फोन केला, आणि ते दुकान उघडं टाकून आले. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग फोटो काढला. काळजातून फुप्फुसाकडं जाणारी वाट जन्मापासूनच अरुंद होती. मूठभर कुत्र्यांपासून वाढलेल्या जातीत असे दोष घर करून बसतात, असं ते म्हणाले. गोळ्या, कमी श्रम, वजनावर नजर, एवढं केलं तर ती बरीच वर्षं काढेल. "पण हिला पिल्लं होऊ देऊ नका. हिचं काळीज ते ओझं पेलणार नाही. पिशवी काढून टाकायची तर भूल देणंच धोक्याचं आहे, तेव्हा नरापासून लांब ठेवा, बस." अण्णा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी काकवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाले, "हिला आता पोरीगत जपू."

अण्णांचा जुना नर आधीच गेला होता; पुढच्या वर्षी जुनी मादीही म्हातारपणानं गेली. राहिला सरदार, आणि राहिली माझी काकवी, सख्खी भावंडं. भाच्यानं आता आणखी कुत्री आणायला साफ नकार दिला होता. अण्णा एकदम गप्प झाले. रविवारी जेवताना मध्येच थांबून म्हणायचे, "माज्या डोळ्यांदेखत इझनार बग ही जात." मी त्यांची समजूत काढायची. त्यांच्या दुःखाची मला कीव यायची, शपथेवर सांगते. माझा काकवीवर जीव होता, आणि अण्णांचाही माझ्याएवढाच असेल असं मी धरून चालले होते.

भर पावसाळ्यात चंदगडला आई घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. मला रजा टाकून जावं लागलं. एसटीत धापा टाकणारी कुत्री नेणं शक्य नव्हतं, आणि नेली असती तरी त्या पावसात, डोंगरात, तिथं डॉक्टर कुठला? मी काकवीला अण्णांच्या घरी सोडलं. निघताना सांगितलं, "माजावर यायचे दिवस जवळ आलेत. सरदारला दुकानात बांधा."

"मला सांगतीस व्हय?" अण्णा म्हणाले. "तू आईकडं बग. हिकडचं माज्यावर सोड."

मी रोज फोन करायची. रेंज मिळायला आमच्या घरामागच्या काजूच्या बागेत छत्री धरून उभं राहावं लागायचं. "अण्णा, आली का माजावर?" "न्हाय अजून. मजेत हाय. तू जेवलीस का?" रोज हेच. मी जेवले का हे त्या दिवसांत विचारणारे ते एकटेच होते, म्हणून फोन ठेवताना मला बरं वाटायचं.

आई काठीवर चालायला लागली, मी परत आले. काकवी छान दिसत होती, थोडी भरलेली. मी म्हटलं, "अण्णा, वजन वाढलंय हिचं. भात कमी करू का?"

"आजिबात न्हाय," अण्णा म्हणाले. "पावसाळ्यात अंग धरतंय. उलट वाडीव. अंडं घाल. दही घाल."

मी चकित झाले, पण अंडं घातलं. जो माणूस भोपळ्याची फोड तोलून घालतो, तो सांगतोय म्हणजे काही कारण असणार. पुढं तर ते स्वतःच डबा घेऊन यायला लागले. उकडलेली कलेजी, तिसऱ्या जेवणाची. बरगडी हाताला लागेनाशी झाली तरी अण्णा मला नापास करीनात. मी बँकेत सगळ्यांना सांगत सुटले, की आमचे अण्णा काकवीला लेकीसारखं माहेरपण करतायत. माहेरपण कसलं, ते तिचे डोहाळे पुरवत होते. मला ते तिचे सड सुजलेले दिसले तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी पोटाचा फोटो दाखवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता उशीर झालाय. पिल्लं काढूनही टाकता येणार नाहीत." मी तिथून तडक दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती. असू देत.

"अण्णा, काकवी गाभण आहे."

त्यांनी पाना खाली ठेवला. "व्हय," म्हणाले. "मीच जुळीवलं."

"डॉक्टर तुमच्यासमोर बोलले होते."

"ऐकलं की. डॉक्टरला एक कुत्री दिसती. मला मागची दोनशे वर्सं दिसत्यात. तिकडं त्या बाईनं लढाईत ही जात राकली, आन् हितं कोल्हापुरात सर्जेरावाच्या दारात ती मरू द्यायची?"

"फोनवर रोज विचारत होते मी."

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?" त्यांनी विचारलं, आणि खरंच उत्तराची वाट बघत माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर शरम नव्हती. चोरी पकडली गेल्यावर माणूस खाली बघतो, रागावतो, काहीतरी करतो. अण्णा तसे उभे राहिले, जसे दोनशे वर्षांची गोष्ट सांगताना उभे राहायचे. मला जास्त घाव त्याचा बसला. त्यांनी मला फसवलं होतं, आणि त्यांच्या हिशोबी त्यात फसवणूक नव्हतीच.

पोट चिरून पिल्लं काढायचा दिवस डॉक्टरांनी ठरवला होता. काकवी त्याच्या आधीच कळा द्यायला लागली. दुपारची वेळ, रिक्षात ती माझ्या मांडीवर पडून माझा हात चाटत होती. दवाखान्यात अण्णा आधीच येऊन बसले होते; त्यांना कुणी कळवलं, मला माहीत नाही. मी दुसऱ्या बाकावर बसले. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क काढला आणि म्हणाले, "काकवी गेली. काळीज टेबलावरच थांबलं. एक पिल्लू जिवंत आहे."

अण्णा उठून उभे राहिले. "नर का मादी?" त्यांनी विचारलं.

मी काकवीला घेऊन घरी आले. पिल्लाकडं मी बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर मी शाहूपुरीतून जायचं सोडून दिलं. बँकेत जायला लांबचा रस्ता पडतो, पडू दे. लोक सांगायचे, अण्णा पिल्लाला बाटलीनं दूध पाजतात, दुकानात बसवतात, मादी आहे, अगदी काकवीच्या रंगाची आहे. सांगणाऱ्यांना मी म्हणायची, दुसरं काही बोला.

दिवाळीनंतर एका रविवारी दार वाजलं. अण्णा होते. वाळले होते, दाढी वाढलेली. काखेत ते पिल्लू, मोठं झालेलं.

"डॉक्टरला दावली," ते म्हणाले. "हिची बी छाती आईगतच हाय. तेवडीच अरुंद."

त्यांनी तिला माझ्यापुढं धरलं.

"ठिव हिला तू."

"का? तुमची जात आहे ना ती? जपा."

अण्णांनी पिल्लाच्या कानामागं बोट फिरवलं. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले. "जपली असती गं," ते म्हणाले. "पर सरदार अजून हाय घरात. आन् रोज सकाळी उठलो की मनात येतंय, एक डाव बगू, एक तरी धडधाकट निगंल. हिच्याकडं बगितलं की मला अजून बी तेच दिसतंय, पोरी. आज न्हाय, वर्सानं मी करनार. माजा माज्यावर भरवसा न्हाय. तुज्यावर हाय."

एवढं खरं ते माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले असावेत. मी हात पुढं केले. पिल्लू उबदार होतं आणि त्याचं काळीज माझ्या तळहाताला लागत होतं, भराभर, अडखळत. अण्णा उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले. चपला त्यांनी सवयीनं काढून ठेवल्या होत्या.

मी त्यांना आत या म्हटलं नाही. दार लावून घेतलं.