एकोणिसावी उडी

दहावीच्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण रॉकेट उतरवायला शिकत होतो. उडवणं सोपं होतं. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, तोंडाला रबरी बूच, बुचातून फुटबॉलची सुई, सुईला सायकलचा पंप. हवा भरत गेलं की बूच सुटायचं आणि बाटली शाळेच्या छपरावर जायची. पण विज्ञानाच्या सरांनी बजावलं होतं की जिल्ह्याच्या प्रदर्शनात तीच बाटली परीक्षकांसमोर दोनदा उडाली पाहिजे. म्हणजे ती धड खाली यायला हवी.

बाटल्या मैत्रीण आणायची. नागपूर हायवेवरच्या जाम गावच्या चौकात तिच्या वडिलांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं आणि गाडीवाले रिकाम्या बाटल्या तिथंच टाकून जात. काकांनी तिला एक अट घातली होती, माझ्यादेखत.

"जिल्ह्यात नंबर आला तं हिंगणघाटले सायन्सले टाकतो. नाई तं हॉटेल हायेच."

वही माझ्याकडे होती. मला तेव्हाही तक्ते आखायची हौस होती. रकाने तीन: उडी क्रमांक, काय चुकलं, काय बदललं. बाटलीच्या बुडावर बसवलेल्या पुठ्ठ्याच्या टोपीत पॅराशूट म्हणून घडी करून ठेवलेलं छत्रीचं कापड उघडलंच नाही. दोऱ्या गुंतल्या. कापड लवकर उघडलं आणि बाटली वाऱ्यानं तुरीत गेली. पुठ्ठ्याचे पंख भिजून गळाले, म्हणून आजीच्या गुडघ्याचे जुने एक्स-रे कापून नवे केले. बाटली गोट्यावर आपटून तडकली, हे पाच वेळा.

एकोणिसाव्या उडीला कापड वरच्या वर उघडलं. बाटली डुलत खाली आली आणि एक्स-रेच्या तीन पंखांवर उभी राहिली. आम्ही तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि हॉटेलवर जाऊन भजे खाल्ले. वहीत मी लिहिलं: काय चुकलं, काही नाही. काय बदललं, काही नाही.

ते खोटं होतं. त्या दिवशी शाळेचा शिपाई फाटक लावायची घाई करत होता, म्हणून तिनं कापडाची घडी रोजच्यासारखी न घालता कशीतरी पटकन घातली होती. कशी, ते मी पाहिलं नाही. पुढच्या सहाही उड्या फसल्या तेव्हा मी तिला विचारलं.

"मले काय मालूम? घाईत घातली. तूच तं लिवत होती ना."

वर्ध्याच्या प्रदर्शनाला काका हॉटेल बंद ठेवून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्याच उडीत कापड टोपीतच राहिलं. बाटली सिमेंटवर तोंडावर पडली आणि मानेपासून फाटली. परीक्षकांनी पुढच्या टेबलाकडे मोर्चा वळवला. काका रागावले नाहीत. "चाल," ते तिला म्हणाले, "संध्याकाळचं गिऱ्हाईक तरी भेटन."

ती हॉटेलात गेली. मी हिंगणघाटला सायन्सला गेले. माझ्या बाबांनी मला अट घातलीच नव्हती. बाटली फुटली काय, उभी राहिली काय, माझं काही बिघडणार नव्हतं. इतकी वर्षं याद्या करते आहे, पण ही नोंद मी कुठल्याच वहीत केली नाही.

दहाएक वर्षांनी, नोकरीला लागल्यावर, बस जामला थांबली म्हणून उतरले. ती लग्नानंतर नवऱ्यासह तेच हॉटेल चालवत होती. तिनं न विचारता चहा आणि भजे समोर ठेवले.

"वही ठेवतं का अजून?"

"ठेवते."

"मले आठवली मंग ते घडी," ती कढईकडे पाहत म्हणाली. "लुगड्याच्या निऱ्यांवाणी घातली होती. एकावर एक, अन् मंग सैल गुंडाळली."

"कधी आठवली?"

"लग्नात. निऱ्या घालून देऊन राह्यल्या होत्या मले, तवा."

मी पर्समधून डायरी काढली. तिनं माझ्यासमोरचं टेबल पुसलं, डायरी उचलून बाजूला सरकवली.

"आता कायले लिवतं व? बस सुटन तुही."