इन्चार्जबाईंच्या बांगड्या

आमच्या इन्चार्जबाई ड्युटीवर आल्या की आधी हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवायच्या. मानपाड्याच्या आगरी घरातली भरली सवाशीण, पण अतिदक्षता विभागात हात कोपरापर्यंत उघडे. एसटीने खोपटच्या स्टँडवर उतरून हॉस्पिटलात यायच्या, बांगड्या रुमालात बांधून ठेवायच्या आणि घरी जाताना पुन्हा चढवायच्या. "सासूला कळलं तर घरात घेणार नाही गो," असं वर हसून सांगायच्या.

नव्वदच्या सुमारास मी तिथे नर्स म्हणून लागले. डोंबिवलीची, लग्न नुकतंच झालेलं, दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले. बाईंनी पहिल्याच दिवशी माझं मनगट धरलं. "मशिन पेशंटला श्वास देतं आणि जंतू आपण देतो. काढ." मी रडकुंडीला आले. पण बाईंपुढे कुणाची मात्रा चालत नसे. एकदा मोठ्या सर्जननाच त्यांनी दारातून परत पाठवलं. "डॉक्टर, पेशंट कुठे पळून जात नाही. हात धुवून या." नातेवाइकांना तर काचेबाहेरूनच दर्शन. आम्ही पाठीमागे त्यांना 'सोवळेबाई' म्हणायचो.

मग शीळफाट्याला बाईंच्या नवऱ्याच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. त्यांना आमच्याच विभागात मशिनवर ठेवलं आणि बाई रजा टाकून काचेबाहेर उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "बाई, बांगड्या काढा, हात धुवा, आत चला."

त्यांनी दोन्ही मनगटं पदराखाली ओढून घेतली. "आज नको गो. आज कशा काढू?"

"मग घालूनच चला. तुम्हाला कोण अडवणार?"

"माझ्या नवऱ्याला मीच जंतू देऊ?" बाई माझ्यावर कडाडल्या.

रोज बिनधास्त बांगड्या उतरवणाऱ्या बाईंचा धीर त्या वेळी सुटला होता. त्यांचा मला रागही आला आणि कीवही. त्यांचे यजमान सुधारत होते, बोटं हलवत होते. बाई काचेवर तळवा टेकवून बघत राहायच्या. मग ताप चढला, नळीतून घट्ट पिवळा कफ येऊ लागला. मशिनवरच्या माणसाच्या छातीत शिरणारा तोच न्यूमोनिया, ज्याच्याशी बाई इतकी वर्षं भांडल्या होत्या. औषधं बदलून पाहिली, गुण आला नाही. एका दुपारी ते गेले. तेव्हाही बाई काचेबाहेरच होत्या.

दिवसकार्य उरकून बाई कामावर आल्या आणि आल्या आल्या त्यांनी नियम बदलला. नातेवाइकांना एकेक करून आत सोडायचं, पण बेसिनपाशी स्वतः उभं राहून त्यांचे हात धुवून घ्यायचे. आता बाई नाहीत. मीही निवृत्त झाले. पण आजही नळाखाली हात धरला की वाटतं, कुणीतरी मागून येऊन माझं मनगट पकडावं आणि रागवावं. फार आठवण येते त्यांची.

बाईंनी नियम बदलला त्या दिवसांत कल्याणची एक मुलगी आली होती. नवरा मशिनवर. बेसिनपाशी तिने मुठी घट्ट आवळल्या. "बाई, बांगड्या काढल्या आणि यांना काही झालं तर?"

बाईंनी तिच्या मनगटांना साबण लावला आणि एकेक बांगडी हलक्या हाताने उतरवली.

"काय होत नाय गो बाय. मी नवत्या काढल्या, तरी ते गेले. नि हात धराचा तेवढा राहिला. जा, धर जा."