भासऱ्याच्या गळ्यातला दुपट्टा

मी माह्या भासऱ्याच्या थोबाडीत दोन ठेवून दिल्या. एक उजवीकडून, एक डावीकडून. तेही चारचौघांत, नव्या घराच्या चौकटीसमोर, चौकटीची हळद अजून ओली असताना. तेव्हापासून ज्याले भेटावं तो विचारते, "काहून मारलं वो?" म्हणून एकदाचं सांगून टाकते.

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्या इकडे त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्या अंगाले हात लागू देत नाहीत. तो समोर आला का पदर डोक्यावर अन् नजर खाली. माह्या लग्नाले चौदा वर्षं झाली. त्यातली बारा मी त्याच्याच हाताखाली रेजा म्हणून काम केलं, घमेली वाहिली, माल कालवला. पण एक शब्द नाही. माल पातळ झाला तर मी घमेल्याले सांगायची, "पातळ झालं बाप्पा." तो भिंतीले सांगायचा, "थोडं सिमेंट टाका म्हणा." असे आमचे व्यवहार. मिस्त्री मात्र हाडाचा. त्यानं उभारलेल्या भिंतीले ओळंबा लावून पाहायची गरज पडत नाही.

मग विटा मागं पडल्या अन् ते पांढरे हलके ब्लॉक आले. हातकरवतीनं कापता कापता खांदे भरून येत. म्हणून साकोलीच्या एका दुकानातून करंटवर चालणारी चेनची मशीन घेतली. लाकूड कापायची असते तशीच, फक्त साखळी वेगळी, दातांवर कडक तुकडे बसवलेली. मी, माहा नवरा अन् भासरा, तिघं गेलो होतो. दुकानदारानं अर्धा घंटा समजावलं. दोन्ही हातांनी घट्ट धरा. ब्लॉक शिकंज्यात आवळा, पायानं दाबू नका, कोणाले धरायले लावू नका. पात्याचं नाक कशाले टेकवू नका, मशीन उसळून तोंडावर येते. चष्मा लावा. साखळीले हात लावायच्या आधी वायरीची पिन बोर्डातून काढा. अंगावर लोंबता कपडा नको. मशीन चालू असताना चालवणाऱ्याले मागून हात लावू नका. अन् बटन सोडलं का मशीन बंद पडते, तोच तुमचा जीव आहे म्हणून समजा. भासरा "हाव, हाव" करत मान हलवून राहिला होता. मी मागं पदर ओढून उभी. त्यानं किती ऐकलं देव जाणे, मी सारं ऐकलं. ज्याले बोलायची मुभा नसते त्याचे कान लय तिखट होतात.

दुसऱ्याच दिवशी त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली अन् बटन दाबून वरून आवळून बांधलं. का तर म्हणे बोट दुखते. आता पिन लावली का मशीन सुरू, हात सोडला तरी सुरूच. मी ते पाहिलं. जेवताना नवऱ्याले म्हटलं, "अजी, दादांनी बटन बांधलं. सांगा न त्यायले."

तो म्हणाला, "दादाले मी शिकवू? थापी धरायले त्यानं शिकवलं मले."

तिसऱ्या दिवशी शिकंजा कोण आवळत बसते म्हणून माहा नवराच डाव्या हातानं ब्लॉक धरून बसला. मी चार हातांवर होती, घमेलं घेऊन. तोंड उघडलं असतं तर ऐकू गेलं असतं. पात्याचं नाक ब्लॉकच्या कोपऱ्याले लागलं, मशीन उसळली, भासऱ्यानं घाबरून दोन्ही हात सोडले. पण बटन बांधलेलं. ती मेली मशीन तशीच गुरगुरत ब्लॉकवर नाचली अन् नवऱ्याच्या हातावरून गेली. करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट, दोन्ही गेली. पांढऱ्या भुकटीवर लाल चिखल झाला. त्या भुकटीत हात घालून मी बोटं शोधली. एकच सापडलं, पिठात घोळल्यावाणी पांढरं. पदराच्या टोकाले बांधून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पाहिलं अन् म्हटलं, हे आता लागत नाही.

तेव्हाही मी भासऱ्याले काही बोलली नाही. घरी आली अन् परसातल्या दगडावर एकेक मडकं आणून फोडलं. मडकी संपली तेव्हा माही जाऊ, भासऱ्याची बायको, म्हणाली, "झालं का?" नव्हतं झालं.

नऊ महिने गेले. करडी गावाकडे एका घराचं काम चालू होतं. त्या दिवशी चौकट बसली. चौकटीची पूजा झाली, घरमालकानं कोयत्यानं नारळ फोडला, मिस्त्रीले टिळा लावला अन् गळ्यात नवाकोरा दुपट्टा टाकला. तो मान असते. दिवस मावळेपर्यंत मिस्त्री तो उतरवत नाही, उतरवला तर घरमालकाच्या मनाले लागते. बायका प्रसाद वाटून राहिल्या होत्या. भासरा म्हणाला, "तेवढ्यात दोन ब्लॉक कापून घेतो," अन् कानात कापूस कोंबून मशीनवर वाकला.

दुपट्ट्याचं टोक खांद्यावरून घसरलं. साखळीच्या वर वीतभर लोंबकळून राहिलं. मी पाहिलं. अन् त्याच्या मुठीखाली पाहिलं तर काळी पट्टी! बाप्पा, यानं पुन्हा बांधलं!

"ओ मिस्त्री!" मी ओरडली. चौदा वर्षांतला माहा पहिला शब्द, अन् तो त्या आवाजात अन् कापसात मेला. धावून त्याले ओढावं तर मागून हात लावायचा नाही हे डोक्यात पक्कं. मी खांबावरच्या करंटच्या बोर्डाकडे पळाली. तेवढ्यात साखळीनं दुपट्टा धरला. धरला अन् गिळतच गेली. भासऱ्याची मान खाली, खाली, पात्याकडे. त्यानं मशीन सोडून दोन्ही हात गळ्याशी नेले, पण ती सुरूच. त्याचा आवाज निघेना, डोळे बाहेर आले. मी वायरीले धरून असा हिसका दिला का पिनेसंग बोर्डही खांबावरून उखडून आला.

मशीन थांबली. पण फास तसाच, चेहरा जांभळा, गाल पात्यापासून चार बोटांवर. मी नारळाचा कोयता उचलला अन् त्याच्या अंगावर गेली. बायका किंचाळल्या, "मारलं वो, मारलं!" त्यायले वाटलं मी मुंडकंच उडवते. मी भासऱ्याचे केस मुठीत धरले, मान मागं ओढली अन् मानाचा दुपट्टा कापला.

तो खाली बसला, खोकला, श्वास घेतला. मेला नाही हे पक्कं झालं, मग मी कोयता फेकला अन् दोन ठेवून दिल्या.

"बटन बांधता? अजून बांधता? भावाची दोन खाऊन पोट नाही भरलं?"

भासऱ्याच्या ओठातून रक्त आलं. ते त्यानं पुसलंही नाही.

घरी जावेनं माह्याशी बोलणं सोडलं. नवरा म्हणाला, "दादावर हात टाकला तू?" मी म्हटलं, "नऊ महिन्यांआधी टाकायले पायजे होता. तुमच्यावरही, अन् माह्यावरही." तो तीन बोटांच्या हाताकडे पाहत बसला. मले रडू फुटलं. माहा राग भासऱ्यावर होता, पण त्याहून जास्त त्या चार हातांवरच्या बाईवर होता, जी घमेलं घेऊन गप उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी कामावर भासरा माह्यासमोर येऊन उभा राहिला. गळ्यावर निळा वळ. हातात ती ट्यूबची पट्टी, दोन तुकडे केलेली. भिंतीकडे नाही, माह्याकडे पाहून म्हणाला, "बाई, काही दिसलं तर बोलत जाय. नाही ऐकलं तर मार."

आता मशीन हाती घेतली का तो थांबते. मी ब्लॉक पाहते, शिकंजा पाहते, बटन पाहते, त्याचा गळा पाहते. मग मी "हं" म्हणते, अन् त्याच्या आधी तो पिन लावू देत नाही. पिन माह्या नवऱ्याच्या हाती असते.

लोंबता कपडा मात्र माह्याही अंगावर होता. म्हणून मशीन सुरू व्हायच्या आधी मी डोक्यावरचा पदर काढते अन् कमरेले घट्ट खोचते. भासऱ्यासमोर, उघड्या डोक्यानं.