वाऱ्याच्या वरच्या अंगाला

गुलाबरावजींची नि माझी पहिली भेट अकोल्यातल्या एका जिनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकात झाली. स्वातंत्र्याला तेव्हा दोन-तीन वर्षे झाली असतील. मूर्तिजापूरकडच्या खेड्यातून मी काट्यावर कापूस तोलायला आलो होतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाने काडेपेटी फाटकात ठेवायची असा जिनचा नियम. गुलाबरावजी आवारातले साधे गडी. त्यांनी हात पुढे केला. माझ्याजवळ काडेपेटीच नाही म्हटल्यावर ते नवलाने म्हणाले, "बिडी पेत नाही? मंग करमते कसं तुमाले?"

मी म्हटले, देवाचे नाव घेतो.

"घ्या, घ्या. आमच्या वाटचंबी थोडं घ्या. आमाले सवड नाही."

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो खरा, पण लेखणी आनंदाने चालत नाही. वाचकांनी क्षमा करावी.

आवार झाडणे, कापसाच्या गंज्यांवर ताडपत्री ओढणे, गाड्या ओळीने लावणे, ही त्यांची कामे. काही हंगामांनी ते जमादार झाले आणि पुढे साऱ्या आवाराचे मुख्य. लिहिणे त्यांना सहीपुरतेच येई.

कापसातली कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेचून काढणाऱ्या बाया तेव्हा यंत्रघराच्या दाराशी बसत. साफ झालेला कापूस तिथून लगेच आत ढकलता येई. पण त्याच दारातून रुईचा धुरळा बाहेर येई. बायांच्या भुवया पांढऱ्या होत, मांडीवरची लेकरे खोकत. जमादार होताच गुलाबरावजींनी रोज सकाळी चिमूटभर रुई हवेत सोडून वारा पाहण्याचा आणि बायांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वारा येतो त्या बाजूला, बसवण्याचा प्रघात पाडला. सरूबाई नावाच्या वयस्क बाई ओरडत, "उठा वो बायांनो, जमादाराची वरात हालली!"

"वरातच बरी, बुढे. तुले मयतात बसाचं हाये काय?"

आता कापूस लांबून आणावा लागे. मालक कुरकुरले. तेव्हा ते ओझे गुलाबरावजी स्वतः वाहू लागले, आणि बाया उठवलेल्या त्या दाराशी उभे राहून कापूस आत ढकलू लागले. पुढे मुख्य झाल्यावरही त्यांनी ती जागा सोडली नाही.

माझी पत्नी अमरावतीला दवाखान्यात होती, तेव्हा दर रविवारी ते डबा घेऊन येत. पायरीवर बसून राहत आणि संध्याकाळच्या गाडीने परतत.

दारातल्या धुरळ्याने गुलाबरावजींना खोकला लागला तेव्हा मालकांनी त्यांना फाटकावरची बसायची जागा देऊ केली. ती घ्यावी म्हणून मीही हात जोडले. ते म्हणाले, "म्या फाटकावर बसलो तं सकाळी रुई कोन उडवीन?"

यंदा डॉक्टरांनी आवारात पाऊल टाकायला मनाई केली. हंगाम सुरू होऊन महिना झाला नाही तोच बाया पुन्हा दाराशी बसू लागल्या. नवे जमादार वाईट नाहीत. कापूस लांबून वाहायला त्यांना माणसे मिळत नाहीत. मी मालकांना दोनदा विनवले. "पाहू," म्हणाले. छाती देऊन गुलाबरावजींनी जे राखले, ते असे गेले.

परवा साठीच्या समारंभाचे नि शालीचे सांगायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पहिले तेच विचारले, "बाया कोन्या अंगाले बसते आता?"

मी खरे ते सांगितले. त्यांच्या श्वासाची घरघर वाढली. मग म्हणाले, "मंग शाल कायची पांघरून राहिले मले?"

शाल मालकांच्या हातून दिली जाणार आहे. निदान समारंभाच्या सकाळी तरी त्यांनी बायांना दारापासून उठवावे, एवढी या ग्रंथातून त्यांना विनंती. ती मानली जाईल अशी मला फारशी आशा नाही.

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षे मागण्याची रीत आहे. माझी जीभ वळत नाही. गुलाबरावजींना हल्ली आडवे होता येत नाही. भिंतीला टेकून, बसल्या-बसल्याच ते डोळे मिटतात. देवाने त्यांना जितके आयुष्य द्यायचे असेल तितके द्यावे, पण त्यात पाठ टेकून झोप द्यावी.