लिफ्टवाली मावशी कायम होते

लिफ्टवाल्या मावशीने बावीस वर्षं उभ्याने बटणं दाबली, तरी नोकरी हंगामीच! शेवटी कायम करण्याचा अर्ज घेऊन तिने साहेबांना लिफ्टमध्येच गाठलं.

साहेब नेहमीचंच बोलून हसले. "दिवसभर वरखाली करणारी बाई स्थिर कशी, मावशी?"

मावशीचं डोकंच सटकलं. तिने लिफ्ट मधेच थांबवली.

"लेकीच्या शब्दकोशात बघून आलेय! स्थिर आलाय 'स्था'वरून, म्हणजे उभं राहणं. कायम अरबीतला, त्याचाही अर्थ उभा असलेला. आता सांगा, बावीस वर्षं उभं कोण आणि खुर्चीत कोण?"

साहेबांनी अर्ज भिंतीला टेकवून मंजुरीची सही ठोकली.

आनंदाने मावशीने सातही मजल्यांची बटणं एकदम दाबली.

"मावशी, मला उतरवा, गरगरतंय!"

"थांबा हो, अख्ख्या ऑफिसला सांगायचंय!"